आत्यांचा सा

सासूसाठी पेटी शिकणारी सून आमच्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन. लोकांना वाटलं, हिला गाण्याची हौस आली. हौसबिस काही नव्हती. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही, हे माझ्या नवऱ्यानं लग्न ठरतानाच ऐकून घेतलं होतं.

प्रश्न असा. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई साखरबाई, घरात गुणगुणायला लागल्या की माझ्या हातातली लाटी हातातच राहते. त्याच आत्या गुरुवारी भजनी मंडळात पेटीबरोबर गायला लागल्या की बेसूर होतात. गळा तोच, बाई तीच. मग मारुतीच्या देवळात शिरल्यावर नेमकं बिघडतं काय?

भवानीनगरच्या अलीकडे आमची वस्ती. तिथल्या बायकांच्या मंडळाची रीत अशी की सूर पेटीनं द्यायचा, आणि जिचा सूर पेटीला लागत नाही तिनं टाळ धरायचे. आत्यांच्या हातात कित्येक वर्षं टाळच आहेत. कुणी त्यांना टाकून बोलत नाही. उलट मंडळाच्या प्रमुख द्वारकाबाई सगळ्यांना सांगतात, "साखरबाईसारका ठेका कुणाचा न्हाय." आत्या यावर हसतात, पण ते हसू मला कधी खरं वाटलं नाही.

संक्रांतीला तीळ भाजता भाजता त्या सहज बोलून गेल्या, "आईची गवळण येकदा माइकवर म्हणायची व्हती. ऱ्हायलंच ते."

त्यांची आई मेंढरांमागं फिरायची. चालता चालता म्हणायची ती गवळण आत्यांनी ऐकून ऐकून उचलली. कुठं लिहिलेली नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही. गोकुळाष्टमीला इंदापुरात मंडळांचा गवळणींचा कार्यक्रम असतो, बक्षीसही असतं; तिथं ती म्हणायची त्यांची इच्छा. मी दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईंकडं गेले.

"माझी कुठं ना हाय?" त्या म्हणाल्या. "पेटीवर बसवा गवळण, मी सोता टाळ धरते. पन पेटीवाला म्हणतो, ह्यांचा सूर सापडत न्हाय. त्यो तरी काय करंल?"

पेटीवाल्याला सापडत नाही ना, मग मी शोधते, असं मी तिथंच म्हणून टाकलं. पेटीला तोवर मी फडक्यानं पुसण्यापुरताच हात लावला होता.

माहेरी, कोऱ्हाळ्याला, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पेटी पडून होती. ती आणली. मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. टार्गेट ठरवायचं, त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पाडायचा, हे माझ्या अंगात भिनलेलं. मोठं टार्गेट, गोकुळाष्टमीपर्यंत एक गवळण. मग तुकडे पाडले. होळीपर्यंत बोटं सरळ चालली पाहिजेत, पाडव्यापर्यंत भात्याचा हात अडखळायला नको, आखाड लागेपर्यंत चाल बसलीच पाहिजे. शिफ्ट सुटली की बारामतीत राममास्तरांकडं शिकायचं आणि घरी येऊन, भाकऱ्या झाल्या की, तेच घोटायचं. नवरा कानात कापूस घालून टीव्ही बघायचा. टीव्हीचं त्याला काय ऐकू यायचं, देव जाणे.

एकेक तुकडा वेळेवर पडत गेला. मी खूश, मास्तर खूश. मी फोनवर भरून नेलेली आत्यांची गवळण ऐकून मास्तरांनी मला तिची चाल पेटीवर काढून दिली, तीही बसली. आखाडाआधीच मी आत्यांना समोर बसवलं आणि ऐटीत म्हटलं, "म्हणा आता."

त्यांनी सुरुवात केली.

"दूध उतू चाललं माये, कान्हा चुलीपाशी न्हाय..."

दुसऱ्या ओळीला दोघींनी एकदमच थांबायचं ठरवल्यासारखं झालं. कानाला नुसतं खुपत होतं. मी सा म्हणून पांढरी पाच ही पट्टी धरली होती, आत्यांचा आवाज तिच्या जरा वर. मग मी शेजारची काळी चार धरली, तर आवाज तिच्या खाली. आणि या दोन पट्ट्यांच्या मध्ये पेटीला आवाजच नसतो. तिथं नुसती लाकडाची फट.

"ऱ्हाऊ दे पोरी," आत्या म्हणाल्या. "माझाच गळा फुटका हाय. तू कशाला जिवाला तरास करून घेतीस?" आणि उठून भांडी घासायला गेल्या. भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता.

मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वय झालं की कान जातो. त्यांना पेटीवर यायला सांग. पेटी माणसाकडं जात नसते."

माझं डोकं फिरलं. लॅबमध्ये एखादा नमुना चुकीचा आकडा दाखवायला लागला तर आम्ही आधी यंत्र तपासतो, गवळ्याच्या अंगावर धावून जात नाही. इथं मात्र सगळ्यांनी मिळून नमुन्यालाच टाळ दिले होते. आणि मी काय केलं होतं? इतके महिने माझी बोटं तपासली, भाता तपासला, चाल तपासली. गाणारी बाई कुठून गाते, हे एकदाही तपासलं नव्हतं. सगळी टार्गेटं माझी होती, त्यात आत्यांचं एकही नव्हतं.

म्हणून ती सगळी मोडली आणि एकच ठेवलं. आत्या गाणं कुठून उचलतात ते शोधायचं.

फोनवर सूर दाखवणारं एक ॲप मिळतं. आवाज दिला की काटा हलतो आणि सूर कुठं आहे ते कळतं. ते घेऊन मी आत्यांच्या मागं लागले. चुलीपुढं गाताना बघितलं, घास कापताना बघितलं. स्कूटीवर मागं बसवून बारामतीच्या बाजाराला नेलं आणि वाटेत लिंबाखाली थांबून म्हटलं, "आत्या, जरा गवळण म्हणा की."

"हितं? रस्त्याव? तुजं डोस्कं ठिकाणाव हाय न्हवं?"

पण म्हटली. काटा पांढऱ्या पाचच्या किंचित वर येऊन थांबला. घरात तिथंच, शेतात तिथंच, आणि इथं गाड्यांच्या गोंगाटातही तिथंच. बेसूर माणूस रोज नव्या ठिकाणी चुकतो. ही बाई रोज एकाच ठिकाणी होती, केसभरही न हलता. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच त्यांचा हात धरला, आणि त्यांना वाटलं मला चक्कर आली.

आता पुढचा प्रश्न. हे ठिकाण त्यांना दिलं कुणी? त्यांच्या आईनं म्हणावं, तर एवढ्या वर्षांत ते जरा तरी इकडं-तिकडं सरकलं असतं. रोज कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय इतका पक्का सूर कुणाच्या गळ्यात राहत नाही. आत्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "गळ्यातनं येतंय की, आनिक कुठनं यायचं?"

उत्तर मिळालं ते मी दुसऱ्याच कामाला गेले तेव्हा. वस्तीच्या तोंडाशी दूध संकलन केंद्र आहे. तिथं दूध गार ठेवायची मोठी टाकी आहे, आणि लग्न होऊन आल्यावर थोड्याच वर्षांत आत्या तिथं कामाला लागल्या त्या आजपर्यंत. दूध मोजून घ्यायचं, कॅन धुवायचे, टाकीवर लक्ष ठेवायचं. एका सकाळी त्या डबा विसरून गेल्या, म्हणून मी द्यायला गेले. त्या पाठमोऱ्या कॅन घासत होत्या. एवढ्यात टाकीची मोटार सुरू झाली. हूं करून एकसुरी आवाज खोलीत भरला, आणि आत्यांनी मान वर न करता गवळण उचलली.

मी डबा घेऊन दारातच उभी राहिले. मोटार आणि आत्या यांचा मिळून एकच आवाज येत होता. खाली मोटारीचा जाड, वर आत्यांचा बारीक, आणि मध्ये फट म्हणून नाही. मी फोन काढला. आधी मोटार ऐकवली, मग आत्या ऐकवल्या. काटा दोन्ही वेळा त्याच जागी.

कोडं सुटलं, आणि मग राग आला. ज्या बाईच्या सुरात एवढी वर्षं चूक नव्हती, तिला आम्ही सगळ्यांनी टाळ वाजवायला बसवलं होतं. मोटार आणि पेटी यांचं आपसात जमत नव्हतं, एवढंच. त्यात आत्यांनी मोटारीची बाजू घेतली, कारण जन्मभर सोबत तिनंच दिली होती.

मी डबा ठेवला आणि घरून पेटी घेऊन तडक बारामतीला गेले.

पेटी दुरुस्त करणारा सूरज वयानं माझ्याएवढाच, पण तोंडावर कायम वैताग. मी म्हटलं, "सगळी पेटी इतकी वर चढवून द्या," आणि फोनवरचा आत्यांचा आवाज ऐकवला.

त्यानं तो पुन्हा पुन्हा ऐकला. "सूर पक्का आहे बाईंचा. पण ताई, आतल्या सूर देणाऱ्या पितळी पात्या घासाव्या लागतील. एकदा घासल्या की पेटी दुसऱ्या कुठल्या पेटीशी जुळणार नाही, बासरीशी नाही, कशाशीच नाही. मग हिच्यावर गाणार कोण?"

"जिचा आवाज ऐकला, ती."

"एकीसाठी?"

पेटी दादांची होती, त्यांना विचारायला हवं होतं. तिथूनच कोऱ्हाळ्याला फोन लावला. दादा म्हणाले, "पडून व्हती तवा कुनाशी जुळत व्हती? घास म्हणावं."

पेटी परत आली त्या दिवशी आमच्याकडची लाईट सकाळपासून गेलेली. आत्या परसात शेंगा निवडत होत्या. मी आतल्या खोलीत पेटी उघडली, भाता हलवला आणि पांढरी पाच दाबून धरली.

परसातून आवाज आला, "लाईट आली व्हय गं? टाकीची मोटार सुरू झाली जनू."

मी नुसती पट्टी दाबून धरली. थोड्या वेळानं आत्या दारात आल्या. वर पंख्याकडं बघितलं, पंखा बंद. मग माझ्याकडं आणि पेटीकडं बघत राहिल्या. ओच्यातल्या शेंगा कधी सांडल्या ते त्यांना कळलं नाही. उंबऱ्यातच टेकल्या आणि म्हणायला लागल्या, "दूध उतू चाललं माये..." या वेळी कुणालाच थांबावं लागलं नाही.

द्वारकाबाईंनी ऐकलं आणि शब्दाला जागल्या. बाकीच्या बायकांना तर काही जाणवलंही नाही. त्या आधीही पेटीच्या मागं जायच्या, आताही गेल्या.

इंदापुरात मंचावर संयोजकांची पेटी माइक लावून तयार ठेवलेली. मी ती बाजूला सरकवून आमची मांडली, तर त्यांचा माणूस धावत आला. त्यानं दोन्ही पेट्यांवर एकेक पट्टी दाबून बघितली आणि मला समजावलं, "बाई, तुमची पेटी बिघडलीय."

"बिघडलेली नाही," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंची आहे."

द्वारकाबाईंनी टाळ घेतले. आत्या माइकपुढं बसल्या. गाताना त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटून, मेंढरांमागं चालताना म्हणावी तशी, सगळी गवळण शेवटापर्यंत म्हटली. बक्षीस भलत्याच मंडळाला मिळालं. द्वारकाबाई घरी पोचेपर्यंत त्यावरून धुसफुसत होत्या, आणि गाडीत आत्या मात्र खिडकीतून बाहेर बघत पुन्हा तेच गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. आतल्या खोलीत पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं, तर आत्या पेटीपुढं मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एक बोट हळूच पांढऱ्या पाचवर टेकवलं.

"ह्यो माझा न्हवं?"

"व्हय आत्या. तो तुमचा."

त्यांनी तो दाबला. मोटारीसारखा, लांबच लांब, भाता सरेपर्यंत. मग शेजारच्या पट्टीकडं बघितलं, आणि बोट परत पहिलीवरच ठेवलं.

"ह्या दिवाळीपतुर ह्यो येकच," त्या म्हणाल्या. "फुडला मग बघू."