शिट्टीला बोल लावू नका

मी जुनी शिट्टी आहे मित्रांनो, पितळेची. वरचा चकचकीत मुलामा केव्हाच उडाला, पोटातली बुचाची गोळीही झिजली. पण माझ्या आवाजाबद्दल कुणी वावगं बोललेलं मला खपत नाही.

चौऱ्याहत्तर साली पालघरच्या बाजारात भगवंतभाऊंनी मला विकत घेतलं. भाऊ मूळचे साताऱ्याकडचे, तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला. पाळी संपली की कबड्डीचे पंच. बोईसर, केळवे, माकुणसार, जिथे मैदान आखलं जाई तिथे मी त्यांच्या गळ्यात असे. दांडगे गडी एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि मी वाजले की जागच्या जागी थांबत. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

पुढे चालताना भाऊंच्या छातीत दुखू लागलं आणि मी खिळ्याला लटकले. ब्याण्णव साली त्यांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथे जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेऊन तपासणी केली. गोळ्यांवर भागेल असं निघालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की अशा तपासणीनंतर क्वचित एखाद्याच्या रक्तात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तडक घेऊन या. पण हृदय ठीक आहे एवढं ऐकून त्यांच्या पत्नीचा, रत्नाबाईंचा, जीव भांड्यात पडला आणि पुढचं मागे राहिलं. हे मला त्यांच्याच बोलण्यातून मागाहून कळलं.

भाऊ घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या मैदानात सामना होता. त्यांना कडेला खुर्चीत बसवलं. जिवल्या त्यांच्याच हाताखाली तयार झालेला खेळाडू. त्याने मला पुसून त्यांच्या गळ्यात घातलं.

"भाऊ, तुमी नुसती सुरुवात करून द्या. तुमच्या शिट्टीबिगर मजा नाय."

भाऊंनी मला ओठांत धरलं. फुंकर आली ती उजव्या कोपऱ्यातून फुस्सकन निघून गेली. पुन्हा तेच. एका बाजूने ओठ मला धरत होता, दुसरीकडे सैल पडला होता. इतक्या वर्षांचे ओळखीचे ओठ, मला कळलं. पण मी ओरडून सांगणार कशी? मला आवाज त्यांनीच द्यायचा.

लोक हसले. रत्नाबाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. इतके दिवस खिळ्याला होती, आत काहीतरी अडकलं असंल."

झालं! मला गरम पाण्यात बुचकळलं, पोटात काडी घातली, तळव्यावर आपटलं. भाऊ काहीतरी पुटपुटले, तेही अशक्तपणावर गेलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथे तर अंगणच खणायला घेतलं होतं.

शेवटी जिवल्याने मला स्वतः फुंकून पाहिलं. मी अशी खणखणीत वाजले की सगळं मैदान वळून बघू लागलं. इतकं छान वाजून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"शिट्टीला काय नाय झालं," तो हळू म्हणाला. "वैनी, भाऊंच्या तोंडाकडं बघा."

रत्नाबाईंनी बघितलं आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांना आठवलं. त्यांनी भाऊंचा उजवा हात धरला, तो निसटून मांडीवर पडला. सामना तिथेच राहिला. खेळाडूंनी भाऊंना खुर्चीसकट जीपपर्यंत उचलून नेलं.

भाऊ वाचले. गुठळीने मेंदूला धक्का दिला होता. उजवा हात अधू राहिला, शब्द हळूहळू परत आले. ओठांचा व्यायाम म्हणून ते रोज मला फुंकत. कितीतरी दिवस नुसती हवा. रत्नाबाई समोर बसून राहत. मला त्यांनी पुन्हा कधी बोल लावला नाही.

पुढच्या वर्षी माकुणसारच्या मैदानात भाऊंनी मला ओठांत धरलं. पातळ, थरथरता आवाज निघाला, पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम पोचेल असा. चढाईवर गेलेला जिवल्या उचललेला पाय तसाच धरून थांबला. मग सगळेच थांबले. खणखणीत आवाजाचा माझा ताठा त्या दिवशी गेला.

मित्रांनो, हवं तर मला पुन्हा खिळ्याला टांगा. पण तुमच्या घरी कुणी अशी हृदयाची तपासणी करून आलं, तर नुसती छाती सांभाळू नका. त्यांचं तोंड, हात, बोलणंही बघत राहा. आणि शिट्टी वाजली नाही, तर आधी वाजवणाऱ्याकडे बघा.