मंगळवारचा राजवाडा

टोमॅटोच्या आकाराचं लोहचुंबक नेमकं मंगळवारावर बसलं होतं. थोरलीनं ते बोटानं जरा बाजूला सरकवलं — फ्रिजवर लावलेल्या सहलीच्या त्या रंगीत कागदात तिला काडीचा रस नव्हता, निदान स्वतःला ती तसं सांगत होती — आणि खालून निघालं : मंगळवार, सकाळी साडेनऊ, राजवाडा. पुढे एक हसरा चेहरा. पण मंगळवारी राजवाडा बंद असतो. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

आठ वर्षांपूर्वी राजवाड्याच्या त्या जुन्या शहराची सहल तिनंच तर आखली होती. वहीची अकरा पानं... कुठल्या दारानं आत शिरायचं, बसायला बाक कुठे, कुठला वार बंद. मग ऐनवेळी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सहल राहिली ती राहिलीच. वही कपाटात आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी या वेळी काम गेलं कुणाकडे, तर धाकट्या जावेकडे. लग्न होऊन धड दीड वर्ष नाही. जेवताना म्हणाली, "मी करते ना प्लॅन, दहा मिनिटांचं काम," आणि दहा मिनिटांत केलासुद्धा. केला कसला — मैत्रिणीची चार दिवसांची आखणी उचलली, वार तेवढे आपले घातले. आयत्या पिठावर रेघोट्या. तर सासूबाई काय म्हणाव्यात? "बाई गं, किती पटकन." अकरा पानांना कुणी कधी बाई गं म्हटलं नव्हतं.

कामावर जाताना बसमध्ये तिनं फोनवर खात्री करून घेतली. मंगळवारी बंद, अजूनही. आणि तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं... जळतेय मी, दुसरं काय. तिच्या त्या दहा मिनिटांवर जळतेय, तिच्या हसण्यावर, आणि नवरासुद्धा परवा "ही आपल्या घरात आधीच यायला हवी होती" म्हणाला, त्यावरही जळतेय. जळू दे. बोलायचं नाही एवढंच. मूग गिळून बसायचं.

ती काम करायची त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसरी तिची. काही चुकलं तर मोठे डॉक्टर आधी दुसऱ्या सहीला बोलावत. आकडे ताडून पाहता पाहता ती मंगळवार रंगवत होती : बंद फाटक, धाकटीचा उतरलेला चेहरा, सासूबाईंचं "तरी मी म्हणत होते, थोरलीला विचारा", आणि आपण अगदी शांतपणे, "जाऊ दे आई, नवीन आहे ती." हे वाक्य तिनं चारपाचदा घोळवलं. चित्रात फक्त सासरे नको तिथे उभे राहत होते. शाळेच्या पुस्तकात पाहिलेला राजवाडा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच म्हातारा गेली कित्येक वर्षं मागत होता. ती त्यांना चित्राबाहेर काढी, ते पुन्हा येऊन फाटकाशी उभे.

दुपारी धाकटीचा मेसेज आला. "ताई, आखणी एकदा नजरेखालून घाला ना. संध्याकाळी तिकिटं काढते, मग पैसे परत नाहीत."

तिनं लिहिलं, "छान झालंय."

मिनिटभरात घरच्या ग्रुपवर धाकटीनं टाकलं, ताईंनी तपासलंय, आता निर्धास्त. त्याखाली सासूबाई : थोरलीनं पाहिलं म्हणजे झालं. एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून ती किती वर्षं झुरली होती, आणि मिळालं ते हे असं. जेवणाचा डबा तिनं तसाच बंद केला.

संध्याकाळी सासरे इमारतीच्या जिन्यात भेटले, कठडा धरून हळूहळू चढत होते.

"राजवाड्याला पायऱ्या किती गं?"

"एकशे चाळीस, बाबा," तिच्या तोंडून गेलंच.

"मग रोज दोनदा चढउतार करायला हवी. या खेपेला हुकलं तर पुढे कुठलं जमतंय मला." ते हसले आणि पुढची पायरी चढले.

घरात धाकटी लॅपटॉप उघडून टेबलाशी बसली होती, शेजारी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आलात ताई? आधी राजवाड्याला जायच्या गाडीचीच काढतेय."

सांगायचं. त्यात आता प्रश्नच नव्हता... पण ओठांवर आलं ते, "अगं, एवढं साधं कसं राहिलं?" तिनं ते गिळलं. दुसरं सुरू झालं, "मी मागेच लिहून ठेवलंय —" तेही गिळलं. तिला आत बोलावून एकटीला सांगावं, तर त्यातही आपला मोठेपणा होताच. आणि दुपारी छान झालंय का लिहिलं, हे कुठल्याच वाक्यात बसत नव्हतं. ज्या ज्या वाक्याला हात लावावा त्यात कुठेतरी टोचणारी टाचणी निघत होती, आणि ती तिनंच खोचलेली.

"ताई? पैसे भरू ना?"

"थांब जरा," ती म्हणाली. दोघी तिच्याकडे बघत होत्या, आणि ती उभ्या उभ्या एक असं वाक्य शोधत होती ज्यात ती स्वतः कुठेच नसेल.