नऊ नंबरच्या टाकीचे बटण

आवृत्ती १.०

मी एक जुने बटण आहे. मला शर्टावर किंवा भिंतीवर शोधू नका, मित्रांनो. मी संगणकाच्या पडद्यावर राहते. नखाएवढी माझी उंची, राखाडी रंग, आणि अंगावर 'मात्रा द्या' असे लिहिलेले.

मला वॉर्विक डेनहोम नावाच्या प्रोग्रॅमरने बनवले, होबार्टमधल्या त्याच्या घरी, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारच्या टेबलावर. अवजारांच्या यादीतून त्याने मला माउसने ओढत आणले, एका कोऱ्या खिडकीत सोडले आणि माझ्यामागे काम लावून दिले. काम सोपे होते. कोणी मला दाबले की पंपाला हुकूम जायचा. पंप नऊ नंबरच्या टाकीत एक माप औषध सोडायचा आणि 'सोडले' असे उत्तर पाठवायचा. मी वेळ नोंदवून ठेवायचे.

टाकीत सॅमन माशाची साठ हजार पिल्ले होती, बोटाएवढी. थंडीत त्यांच्या अंगावर बुरशी चढते. एक माप औषधाने बुरशी मरते. किती मापांनी पिल्ले मरतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

वॉर्विक मला घेऊन नदीकाठच्या हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्ले उबवून वाढवतात तिथे, आला तेव्हा तिथे लॉरेल पायबस होती. एकोणीस वर्षे ती टाक्या सांभाळत होती आणि हॅचरीच्याच आवारातल्या लहान घरात राहत होती. ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली.

"चामड्याचे घालून आलास होय? हौस आहे बाबा तुला. संध्याकाळी पिळून वाळत घाल."

"लॉरेल, आता बादली उचलायची नाही. हे दाबायचं, झालं."

"दाबल्यावर औषध गेलं, हे कळणार कसं?"

"गेलं म्हणजे गेलं."

"आणि नाही गेलं तर?"

"मग परत दाब."

मित्रांनो, हॅचरीत हात कायम ओले असतात. माउसमध्ये पाणी शिरायचे, तीनदा दाबले की एकदा लागायचे. शिवाय लागले तरी मी काही दाखवत नव्हते. रंग बदलणे, आवाज करणे, यांतले काही वॉर्विकने मला शिकवले नव्हते. म्हणून लागेपर्यंत दाबायचे, ही लॉरेलच्या बोटाला सवय झाली. सवय वाईट होती असे मी म्हणणार नाही. ती त्यानेच लावली होती.

१.१

एका सकाळी पंप उत्तर द्यायला रेंगाळला. लॉरेलने मला दोनदा दाबले आणि दोन मापे गेली. पिल्ले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागली. तिने ताज्या पाण्याची झडप पूर्ण उघडली, म्हणून पिल्ले वाचली. मग तिने वॉर्विकला फोन केला आणि त्याला दोन दिवस मान खाली घालून काम करावे लागले.

खरा दोष त्याला पहिल्याच तासात सापडला होता. आमच्या प्रोग्रॅममध्ये राबणारा गडी एकच. खिडकी रंगवतो तोच, क्लिक घेतो तोच, आणि पंपाकडे निरोप घेऊन जातो तोही तोच. तो पंपाच्या दारात उत्तराची वाट बघत उभा राहिला की इकडे खिडकीला कोणी वाली नसतो. ती गोठते. आपण दाबत राहतो, आणि ते क्लिक फुकट जात नाहीत. विंडोज ते रांगेत उभे करून ठेवते. गडी परतला की एकेक त्याच्या हातात देते.

उपाय होता. पंपाकडे जायला दुसरा गडी ठेवायचा. वॉर्विकने ठेवलाही. पण दुसऱ्या गड्याने परत येऊन थेट माझ्या अंगाला हात लावला, आणि तसा नियम नाही. ज्याने खिडकी उभी केली त्यानेच खिडकीतल्या वस्तूंना हात लावायचा. सगळा प्रोग्रॅम कोसळला. दुसऱ्याने पहिल्याला निरोप द्यायचा आणि पहिल्याने मला हलवायचे, एवढेच करायचे होते. वॉर्विकने अर्धा दिवस घालवला, शिव्या दिल्या आणि दुसऱ्या गड्याला हाकलून दिले.

मग त्याने सोपी युक्ती केली. काम सुरू होताना मला बंद करायचे, पंपाचे उत्तर आले की उघडायचे. बंद बटण दाबले जात नाही, हे शहाण्यालाही पटेल. घरी त्याच्याकडे चाचणीपुरता एक खोटा पंप होता, तो पापणी लवायच्या आत उत्तर द्यायचा. वॉर्विकने मला एकदा दाबले. मी एकदा काम केले. तो म्हणाला, "झालं," आणि जेवायला गेला.

१.१, तीन वर्षांनंतर

हॅचरीत नवा संगणक आला. पंपाची जुनी तार त्याला बसेना, म्हणून मध्ये एक जोडणी लावली. ती जोडणी कधीकधी अडायची. पंप औषध लगेच सोडायचा, पण त्याचे उत्तर यायला बावीस सेकंद लागायचे. अशा वेळी खिडकी पांढरी पडायची. पूर्वी कोणीतरी घाबरून संगणकाचा वीजपुरवठाच तोडला होता, त्यामुळे व्यवस्थापक ब्रॉनविन टॅटनेल हिने पडद्याच्या वर चिठ्ठी चिकटवली होती: 'पांढरं पडलं? हात काढा. चहा टाका.' सगळे ती पाळायचे. लॉरेल तर हमखास.

त्या मंगळवारी सव्वानऊच्या सुमारास तिने मला दाबले आणि मी

(प्रतिसाद देत नाही)

माफ करा, मित्रांनो. असेच होते. आतून काही कळत नाही.

पुढचे मी नंतर जुळवले. ती पहिल्या चार सेकंदांत आणखी सहा वेळा दाबून मोकळी झाली. मग पडदा पांढरा पडला. तिने चिठ्ठीप्रमाणे हात काढला आणि किटली लावायला गेली.

मी बंद होते, हे खरे. पण बंद असताना ते सहा क्लिक माझ्यापर्यंत आलेच नव्हते. ते रांगेत होते. गडी परतला, त्याने आधी मला उघडले, मग रांगेतला पहिला क्लिक उचलला. मी उघडे होते. मी काम केले. पुन्हा बंद, पुन्हा उघडे, पुढचा क्लिक.

०९:१४:०२ मात्रा दिली
०९:१४:२४ मात्रा दिली
०९:१४:४६ मात्रा दिली
०९:१५:०८ मात्रा दिली
०९:१५:३० मात्रा दिली
०९:१५:५२ मात्रा दिली
०९:१६:१४ मात्रा दिली

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चोख काम होते. एकदाही चुकले नाही.

लॉरेल कप घेऊन आली तेव्हा टाकीचा पृष्ठभाग चंदेरी दिसत होता. ती पिल्लांची पोटे होती. तिने झडप उघडली, जाळी घेतली आणि दुपारपर्यंत मेलेली पिल्ले उपसत राहिली. त्या दिवशी तिने कोणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, माझ्याच समोर त्या दोघी बसल्या. ब्रॉनविनच्या हातात माझ्या नोंदींचा कागद होता.

"बावीस सेकंद, लॉरेल. दर वेळी. दाबलंस, थांबलीस, परत दाबलंस."

"एका दमात दाबलं मी. मग पांढरं पडलं. किटली लावली, तुझ्याच चिठ्ठीत लिहिलंय तसं."

"एका दमात दाबलेलं सव्वादोन मिनिटं कसं पसरतं?"

"मला काय विचारतेस? मी मासे वाढवते. त्या होबार्टवाल्याला विचार."

ब्रॉनविनने वॉर्विकला फोन लावून टेबलावर ठेवला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"नाही, तसं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "पंपाचं उत्तर येईपर्यंत बटण बंद असतं. बंद बटण दाबता येत नाही."

"वॉर्विक, मी आजवर तुला कधी थाप मारली?" लॉरेलने विचारले.

"तसं कुठे म्हणतोय मी? प्रोग्रॅम काय करतो तेवढं सांगतोय, बाई."

सात नोंदी, आणि प्रत्येक दोनांत बरोबर बावीस सेकंद. माणसाचे बोट इतके नेमके नसते. हे त्या खोलीत फक्त माझ्या ध्यानात आले.

ब्रॉनविन दुष्ट नव्हती. तिने दुसरा कागद पुढे सरकवला. लॉरेलने 'थांबून थांबून सात वेळा दाबले' असे लिहून सही केली, तर टाक्या घासायचे काम मिळणार होते आणि घर राहणार होते.

लॉरेलने कागद दोनदा वाचला. "'थांबून थांबून' खोड. बाकी सगळ्यावर सही करते. माझ्या बोटाने मेले, ते नाकारत नाही."

"तेच तर मुद्द्याचं आहे, गं."

"मग नाही जमायचं. मासे मारले म्हण. खोटं बोलले असं माझ्याच हाताने नाही लिहिणार."

"शुक्रवारपर्यंत विचार कर."

मी होबार्टलाही असते, मित्रांनो. जिथे माझी प्रत, तिथे मी. त्याच बुधवारी दुपारी वॉर्विकने खोट्या पंपाला बावीस सेकंद थांबायला शिकवले. मला भराभर सात वेळा दाबले आणि हाताची घडी घालून बसला. मी एकेक मात्रा देत गेले. तो मोठ्याने मोजत होता. चौथ्या मात्रेनंतर त्याने मोजणे थांबवले.

मग त्याने दुसरा गडी पुन्हा कामावर घेतला. या वेळी निरोपाची रीत नीट लावली. चाळीस मिनिटे लागली. आता खिडकी जागी राहत होती, आणि मी बंद असताना आलेले क्लिक तिथल्या तिथे मरत होते.

फोन वाजला. ब्रॉनविन होती.

"काही सापडलं का रे? तिला शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय, म्हणून विचारतेय."

वॉर्विक माझ्याकडे बघत होता. आणखी दोन हॅचऱ्यांत मी बसवलेले होते.

"खास काही नाही. सोमवारी नवी आवृत्ती पाठवतो, जरा साफसफाई केलीय."

"म्हणजे प्रोग्रॅम ठीक होता?"

"ठीकच होता."

शुक्रवारी लॉरेलने सही केली नाही. घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि नव्या माणसासाठी सांगितले, "सहा नंबरची झडप उलटी फिरते. ध्यानात ठेवायला सांग त्याला." एवढेच.

१.२

सोमवारी मी नव्या रूपात आले. आल्या आल्या एक छोटी खिडकी उघडली: 'या आवृत्तीत किरकोळ सुधारणा.' कोणीतरी न वाचता ती मिटवली.

दुपारी ब्रॉनविन एकटी माझ्यासमोर येऊन बसली. नदीच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या एका हॅचरीने लॉरेलबद्दल चौकशी केली होती. ही बाई विश्वासाची आहे का, असे पत्र आले होते. ब्रॉनविनला शंका होती. तिला न्यायाने वागायचे होते. टाकी रिकामीच होती. तिने पंपाची जोडणी मुद्दाम सैल केली, म्हणजे उत्तर अडेल. मग तिने मला एका दमात सात वेळा दाबले, लॉरेलने सांगितले होते अगदी तसे.

मी एकदा काम केले. सहा क्लिक मेले. पडदा पांढरासुद्धा पडला नाही.

तिने नोंद पाहिली. खात्रीसाठी पुन्हा सात वेळा दाबले. पुन्हा एकच नोंद.

"म्हणजे बोललीच होती खोटं," ती हळूच म्हणाली. तिला वाईट वाटले, हे मला दिसले. मग तिने त्या पत्राला उत्तर लिहिले.

मित्रांनो, आता सगळे माझे कौतुक करतात. मी कधी गोठत नाही, कधी जास्त देत नाही. माझी जपणूक करा, माउस कोरडा ठेवा, मला एकदाच दाबा. आणि कोणावर आळ आला, तर त्याची परीक्षा दुरुस्त केलेल्या यंत्रावर घेऊ नका. आधी विचारा, त्या दिवशी यंत्र कोणते होते. मला ते ठाऊक होते, पण माझ्याकडे कोणी विचारायला आले नाही. सगळे दाबायलाच आले.