रक्त फाटलं म्हणे!

मित्रांनो, कांद्याची साल माझ्याखाली ठेवून तुम्ही ओरडता ना, "काहीच दिसत नाही सर!", तो मीच. अरे बाबांनो, आधी माझा आरसा उजेडाकडे वळवा! मी जुना सूक्ष्मदर्शक. तुमच्या शाळेत आलो तो गेल्या वर्षी, पण त्याआधी तब्बल वीस वर्षं मी तुमसर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी केली. नोकरीच म्हणायची, कारण मला नंबर होता, टेबल होतं, फक्त रजा नव्हती. गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म अंबाल्याचा. १९७२ साली लाकडी पेटीत बसून तुमसर रोड स्टेशनवर उतरलो आणि तिथून बैलबंडीत हादरे खात दवाखान्यात पोचलो. गावातले लोक मला दुर्बीण म्हणत. त्यावर रक्त तपासणारे श्यामराव चिडायचे. "दुर्बीण लांबचं दाखवते. हा जवळचं दाखवतो, जे तुम्हाला नाकासमोर असून दिसत नाही!" हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं, रोज मऊ फडक्याने पुसलं. हिवतापाचे जंतू, क्षयाचे जंतू, सगळे मी पकडून दिले. माझ्यासारखा चोख दवाखान्यात दुसरा कोणी नव्हता, हे मी छाती फुगवून सांगतो.

गरोदर बायांच्या रक्ताची एक तपासणी तेव्हा होई. नवरा-बायकोत एकमेकांकडून लागणारा एक रोग असतो, लोक त्याचं नाव कुजबुजत घेतात, तो आईकडून पोटातल्या बाळाला होऊ नये म्हणून. काचेवर रक्तावर सुटणाऱ्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात औषधाचा थेंब टाकायचा, चार मिनिटं काच गोल फिरवायची आणि माझ्याखाली ठेवायची. थेंब एकसारखा राहिला तर ठीक. बारीक गुठळ्या झाल्या तर संशय. दूध नासल्यावर दिसतं तसं ते दिसे, म्हणून श्यामराव आपल्या सवयीने म्हणत, "ही फाटली." खोलीतला शब्द होता तो. खोलीत राहिला असता तर काही बिघडलं नसतं.

१९७९ चा भादवा. निर्मला नावाची पहिलटकरीण आली, पाचवा महिना. सोबत सासू गिरजाबाई आणि नवरा तुलाराम. धान पिकवणारं चांगलं कष्टाचं घर. मी तिची काच पाहिली आणि गुठळ्या दिसल्या, अगदी थोड्या. जे होतं तेच मी दाखवलं. श्यामराव मोठ्याने बोलून गेले, "कवडू, ही फाटली रे."

कवडू म्हणजे दाराशी बसणारे म्हातारे शिपाई. मनाने भले, पण पोटात काही राहील तर शपथ! गिरजाबाईंनी विचारताच ते म्हणाले, "तुमच्या सुनेचं रक्त फाटलं म्हनते साहेब."

झालं! ओसरीवर वीस बाया बसलेल्या. फाटलेलं दूध आपण फेकून देतो, मग फाटलेल्या रक्ताचं काय करायचं? तेवढ्यात एक शहाणी म्हणाली, "ते तपासनी त्या वाईट रोगाचीच रायते वो माय." डॉक्टरबाईंनी तुलारामचंही रक्त तपासायला लावलं. त्याची काच साफ निघाली. मला वाटलं, आता गोष्ट मिटेल. उलटंच झालं!

"माझ्या पोराचं साफ हाय," गिरजाबाई म्हणाल्या, "मंग हे कुठून आलं? उद्या इचा बाप येऊन इले घेऊन जाईन. आमच्या घरात असं कधी झालं नाही."

"माय, थांब ना थोडी," तुलाराम पुटपुटला.

"तू चूप राय!"

निर्मला बाकावर पदर गुंडाळून बसली होती. मला खिडकीतून ती दिसत होती, आणि खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

श्यामराव शरमेने पाणी प्यायला बाहेर गेले आणि थबकले. बाहेर सगळ्यांचं अंग घामाने निथळत होतं आणि ही पोरगी कुडकुडत होती, दातावर दात वाजत होते.

"केव्हापासून थंडी वाजते, बाई?"

"रोवणीपासून. एक दिवसाआड येते, मंग ताप भरते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"रोवणी होती ना भाऊ. धानाच्या बांधीतून निघून घरी कोन बसू देते?"

श्यामराव पळतच आत आले. तिच्या बोटाचं रक्त काचेवर पसरलं, रंगवलं, वर तेलाचा थेंब टाकला आणि माझं सगळ्यात मोठं भिंग खाली आणलं. मी जीव तोडून पाहिलं. सापडले! निळी कडी, कडीला लाल खडा. हिवतापाचे जंतू, एक नाही, दहा!

"बाई, हिला हिवताप आहे!" श्यामराव डॉक्टरबाईंना ओरडून सांगत होते. "हिवतापानंही गुठळ्या होतात!"

डॉक्टरबाईंनी गिरजाबाईंना समोर बसवलं. ही तपासणी फक्त संशय सांगते, त्या म्हणाल्या, निकाल देत नाही. हिवतापाने, कधी नुसत्या गरोदरपणानेही ती फसते. रक्त नागपूरला पाठवू, तिथे पक्की तपासणी होते. गोळ्या घेऊन दोन महिन्यांनी इथेही पुन्हा पाहू. "आणि तोवर सून तुमच्याच घरी राहील. गोळ्या तुम्ही स्वतःच्या हाताने द्यायच्या."

गिरजाबाईंनी गोळ्या दिल्या, पण सुनेशी बोलल्या नाहीत. हे तुलारामनेच येऊन श्यामरावांना सांगितलं. ते दोन महिने मला फार जड गेले.

कार्तिकात तिघं परत आली. नागपूरचा कागद आला होता, त्यात रोग नव्हता. श्यामरावांनी तरी नवी काच केली आणि तीनदा पाहिली. थेंब एकसारखा, गुठळीचं नाव नाही! मग त्यांनी गिरजाबाईंनाच आत बोलावलं. त्यांनी आधी नको तोच डोळा मिटला, मग नाक माझ्या नळीवर आपटलं, आणि शेवटी पाहिलं.

"काहीच तं नाही."

"तेच दाखवतोय," श्यामराव म्हणाले.

मग निर्मलाने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "एवढुसंच व्हय?" ती म्हणाली. "याच्यासाठी दोन महिने माझ्या हातचं पानी कोनी नाही पेलं?"

गिरजाबाई तडक ओसरीवर गेल्या. बाया तेव्हाही बसल्या होत्याच. "आयका वो बायांनो! माझ्या सुनेचं रक्त फाटलं नव्हतं. फाटक्या तोंडाची मीच होती!" आणि सगळ्यांदेखत त्यांनी निर्मलाच्या हातून तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

पूस महिन्यात मुलगी झाली, ठणठणीत. आता ती तुमच्याएवढी असेल, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. श्यामरावांनी त्या दिवसापासून 'फाटली' हा शब्द टाकला. अशा काचेच्या चिठ्ठीवर ते लिहीत, 'पुन्हा पाहणे.' निवृत्त होईपर्यंत लिहिलं.

मित्रांनो, मी लाखभर काचा पाहिल्या असतील, पण मला अभिमान आहे तो त्या दुसऱ्यांदा पाहिलेल्या काचेचा. कोणाबद्दल काही वाईट ऐकलंत, तर ओसरीवर धावू नका. आधी पुन्हा पाहा. आणि हो, माझ्या भिंगावर तुमच्यापैकी कोणीतरी काल चिवड्याचं बोट लावलंय, तेवढं मऊ फडक्याने पुसा. मला अजून नीट दिसतं.