चौथऱ्यावरची ओळ

मी देवदूत बोलतोय. खरा नव्हे, दगडाचा. साडेतीन फूट उंची, दोन पंख, जोडलेले हात आणि खाली घातलेली मान. दफनभूमीच्या तिसऱ्या रांगेत, पाण्याच्या नळाजवळ मी उभा असतो. माझ्याकडून काही गोड ऐकायला मिळेल म्हणून थांबला असाल, तर सरळ पुढे व्हा. गोड बोलणारे देवदूत भेटकार्डांवर मिळतात.

माझा तुम्हा माणसांवर राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचं तुम्ही काय करून ठेवलंय! ज्यांना समोर पाहून भल्याभल्यांचे पाय लटपटायचे, ज्यांना भेटल्याबरोबर आधी 'घाबरू नका' म्हणावं लागायचं, त्यांना तुम्ही गुबगुबीत गाल दिलेत. उशीच्या अभ्र्यांवर छापलंत, किल्ल्यांच्या जुडग्यांना लटकवलंत. मूल दूध पिऊन गपगुमान झोपलं की देवदूत. बंद पडलेल्या गाडीला कोणी धक्का मारून दिला की तोही देवदूत. आणि कोणी मेलं, की मग तर विचारूच नका.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझा कारागीर पन्नाशीचा, एका कानाने बहिरा. हातोडीच्या आवाजापायी तो कान गेलेला. त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. वयाने नव्हे, भुकटीने. तो तीनच तऱ्हेचे देवदूत घडवायचा : हात जोडलेला, फुलं टाकणारा आणि हात पसरलेला.

"देवदूत बरा," तो बायकोला म्हणायचा. "माणसाचा चेहरा करायला घेतला की घरचे येऊन सांगतात, नाक असं नव्हतं, हनुवटी तशी नव्हती. देवदूत कोणी पाहिलाय? तक्रारच नाही."

बायको पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने माझे पंख घासत होती. ती म्हणाली, "तक्रार मी करते. ह्याचं चार दिवस पोट साफ झालेलं दिसत नाही."

"अगं, ते दुःख आहे."

"असेल. तोंड तेच होतं."

असा माझा जन्म. पुढे घासता घासता माझ्या नाकाखाली एक राखाडी शीर निघाली, थेट वरच्या ओठापर्यंत. दगडाच्या पोटातलं आधी कोणाला कळत नाही. मग काय, गिऱ्हाईक यायचं, मला निरखायचं, "ह्याला सर्दी झालीय" म्हणून हसायचं आणि शेजारचा घेऊन जायचं. माझ्यामागून घडवलेले सगळे उजवले. मी दोन वर्षं कोपऱ्यात, अंगावर गोणपाट घेऊन उभा राहिलो. त्या दोन वर्षांत माझा स्वभाव बिघडला तो बिघडलाच.

एके दिवशी एक उंच, करड्या केसांची बाई आली. तिची भाची वारली होती. नऊ वर्षांची पोर. ताप मेंदूत गेला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. चारही दिवस ही आत्या इस्पितळाच्या बाकावर बसून होती. आता महिना भरल्यावर चर्चमध्ये व्हायची प्रार्थना, महिन्याची मिस्सा, चार दिवसांवर आली होती आणि त्याआधी तिला थडग्यावर देवदूत हवा होता. तयार मी एकटाच होतो. तिने माझ्या नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खाली काय कोरायचं?" कारागिराने विचारलं.

तिने घडी घातलेला कागद पुढे केला. नाव, दोन तारखा, आणि खाली ओळ : 'आमची लाडकी, आता देवाची देवदूत.'

"आईवडिलांना दाखवलंत?"

"भावाला दाखवलं. तिच्या आईला आत्ता काय दाखवणार? ती दिवसभर भिंतीकडे बघत बसते."

"दगडावरचं पुसता येत नाही, बाई. म्हणून विचारलं."

"पुसायचंय कोणाला?" आत्या म्हणाली.

मिस्सेच्या आदल्या दिवशी सकाळी मला चौथऱ्यावर बसवलं. माझ्या पायात सळई घालून ती चौथऱ्यात पक्की केली. थोड्या वेळाने आत्या, तिचा भाऊ आणि मुलीची आई अशी तिघं आली. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. पुस्तक छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. तिने मला वरपासून खालपर्यंत तसंच वाचलं, बोट ठेवून वाचावं तसं.

"हा कोण?"

"देवदूत गं. तिचा राखणदार," आत्या म्हणाली.

"राखणदार? मग चार दिवस कुठे होता हा? की ह्यालाही भेटायच्या वेळेतच आत सोडत होते?"

"राहू दे आता," मुलीचे वडील पुटपुटले. बहीण आणि बायको यांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस याहून जास्त काय बोलणार?

आई वाकली. तिने ती ओळ वाचली, परत वाचली. मग पिशवीतून लाल पेन्सिल काढून 'देवदूत' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि रेघेच्या शेवटी एक वेटोळं काढलं. छापखान्यात ती खूण म्हणजे, हे काढून टाका.

"वेड लागलंय का तुला?" आत्या ओरडली. "थडग्यावर रेघोट्या मारतेस?"

"चूक आहे ती. माझी मुलगी देवदूत नव्हती, ताई. समोरच्यांच्या मुलाला चावली होती ती. दोन दात उमटले होते. आणि तुमच्या चष्म्याची काडी कोणी मोडली? मांजराने नाही, तिने. मला ठाऊक होतं. मांजराचं नाव मीच पुढे केलं."

"मेलेल्या लेकराबद्दल असं बोलतात?"

"जिवंत होती तेव्हाचं बोलतेय मी."

त्या दिवसापासून माझ्या पायाशी युद्ध सुरू झालं. आई दर शुक्रवारी छापखान्यातून परस्पर यायची आणि शब्दावर लाल रेघ मारायची. रविवारी प्रार्थना आटोपून आत्या यायची, फडकं ओलं करून रेघ खसाखसा पुसायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा रेघ. दोघी एकमेकींना भेटत नव्हत्या, भांडण मात्र चालू होतं. दगडाला पेन्सिलीचा लालसर डाग कायमचा चिकटला.

आईने माझं जे केलं ते कोणी शत्रूचंही करू नये. ती माझ्याकडे पाठ करून बसायची. पाऊस असला की ओली छत्री माझ्या जोडलेल्या हातांवर अडकवायची. चौथरा पुसलेलं फडकं वाळायला माझ्या पंखावर टाकायची. मधूनच मान वळवून म्हणायची, "नुसता उभा आहे ठोंब्या." मला संताप यायचा. मी काय केलं होतं? मी खाणीतला दगड. ती पोर आजारी होती तेव्हा मी गोणपाटाखाली होतो. मला कोणी विचारून थोडंच राखणदार नेमलं होतं! खरं सांगतो, कधी कधी त्या पोरीचाही राग यायचा मला. तिच्यापायी मी या बाईच्या तावडीत सापडलो होतो.

आणि एका शुक्रवारी आत्याही आली. मुद्दामच आली असणार. आई पेन्सिल घेऊन वाकलेली आणि ही मागे उभी.

"दे ती इकडे."

"नाही देत."

"सगळे लोक बघतात. त्या पोरीला सुखाने झोपू तरी देशील का?"

"झोपायला लावल्यावर ती कधी झोपली होती?"

दोघींचे आवाज चढले. पलीकडच्या रांगेत एक दफन नुकतंच आटोपलं होतं. फादर परत चालले होते. म्हातारे, गुडघ्याने अधू. आत्याने त्यांना हाक मारली. "फादर, तुम्हीच सांगा हिला. हिच्या डोक्यात काही शिरत नाही."

फादर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चौथऱ्यावरची ओळ वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "ओळ चुकीची आहे."

आत्या गर्रकन त्यांच्याकडे वळली. "चुकीची? मिस्सेच्या दिवशी मी म्हटलं, आमची पोर देवदूत झाली. तेव्हा तुम्ही मान हलवलीत!"

"हलवली. तुम्ही रडत होता. रडणाऱ्या माणसाची चूक काढू नये म्हणून मान हलवली आणि पुढे गेलो. माझंच चुकलं ते." फादर माझ्या चौथऱ्याला टेकले. "देवदूत वेगळे आहेत, बाई. त्यांना शरीर नसतं. ते देवाचे निरोप आणतात, त्याची स्तुती करतात, माणसांवर नजर ठेवतात. आपण त्यांची मदत मागतो, ते खरं. पण ते कधी माणूस नव्हते, आणि मेलेलं माणूस त्यांच्यात जाऊन मिसळत नाही. शेवटच्या दिवशी तुमची मुलगी उठेल ती तुमची मुलगी म्हणूनच उठेल, असं आपण मानतो. देवदूत जन्मालाच येत नाहीत. देवदूताला आई नसते."



आई मटकन खाली बसली. आता ही फादरांना मिठी मारते की काय, असं मला वाटलं. पण ती त्यांच्यावरच उसळली. "हे ठाऊक होतं तुम्हाला? आणि तुम्ही दोन महिने गप्प राहिलात? मी इथे येऊन दगडावर पेन्सिली झिजवतेय!"

"हो," फादर म्हणाले.

"ही ओळ वाचली की मला गुदमरायला व्हायचं. का ते कोणी सांगेना, मलाही कळेना. त्या ओळीत मी कुठेच नव्हते, ताई. तुम्ही माझ्या लेकीला चांगल्या जागी पाठवलंत, पण मला तिच्यातून काढून टाकलंत."

आत्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "मी असं कुठे म्हटलं? मला वाटलं, निदान चांगल्या ठिकाणी लागली म्हणावं."

"लागली म्हणजे? नोकरीला?"

आत्या रडता रडता फस्सकन हसली आणि हसल्याबद्दल आणखी रडली. आईने तिला जवळ घेतलं नाही. फक्त स्वतःचा रुमाल पुढे केला. तो वापरलेला होता.

आठवड्याने कारागीर आला. कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. ते जितकं खोल असेल तितका सगळा दगड पुढून उतरवावा लागतो. यंत्र फिरलं, पांढरा धूर उडाला आणि चौथऱ्याची बाजू कोरी झाली. नव्या मजकुराचा कागद आईने आणला होता. नाव, तारखा आणि खाली 'आईबाबांची मुलगी'. कारागिराने खडूने अक्षरं आखून घेतली. आत्या इतका वेळ नळाजवळ उभी होती. तिने हळूच विचारलं, "मी बसते का त्यात कुठे?"

आईने अक्षरांमधली जागा डोळ्यांनी मोजली. "बसवू," ती म्हणाली आणि कागदावर लिहिलं, 'आत्याची भाची'.

कोरून झाल्यावर कारागीर हत्यारं गोळा करू लागला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ह्याचं काय? परत नेऊ?"

मी मनातून म्हटलं, ने बाबा. शेडच्या कोपऱ्यात निदान माझ्या हातावर कोणी छत्री टांगत नव्हतं.

आईने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "राहू दे. फादर म्हणाले ना, हे निरोप्ये आहेत म्हणून. राखण जमली नाही. निरोप तरी नेईल."

बाकीची मंडळी फाटकाकडे गेली. ती थांबली. चौथऱ्यावर एक पाय ठेवून उंच झाली आणि माझ्या कानाशी आली. तिच्या अंगाला छापखान्याच्या शाईचा वास होता.

"तिला सांग," ती म्हणाली. आवाज कोरडा, कामाचा. "सोमवारी सकाळी ती म्हणाली, डोकं दुखतंय. त्या दिवशी गणिताची चाचणी होती. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. वेणी घट्ट ओढून बांधली आणि शाळेत पाठवली. सांग तिला, ते नाटक नव्हतं, आईला कळलं. एवढंच."

ती उतरली आणि मागे न बघता चालू लागली.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझ्या पंखांवर शेवाळ आलंय, डोक्यावर पाखरं घाण करतात. आई येते. लाल पेन्सिल आणत नाही. पण मी तिला आवडतो अशा भ्रमात राहू नका. छत्री अजून माझ्याच हातांवर असते. येते, बसते आणि निघताना माझ्याकडे एकदा बघते. टपाल कचेरीच्या खिडकीतल्या माणसाकडे बघावं तशी. मी ते बघणं चुकवू शकत नाही. माझी मान खाली घातलेली आहे, नेमकी तिच्याकडे.

माझ्या जातीचे, थडग्यांवरचे दगड शेवटी वाचणाऱ्यांना 'प्रार्थना करा' म्हणून विनवतात. मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. माझं बोलणं त्या दुसऱ्यांशी आहे. अहो खऱ्यांनो, असाल तिथे ऐका. तुमच्या नावावर इथे मी उभा आहे, शिव्या मी खातोय, आणि तुमचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ते माझ्याच्याने होणार नाही. तुम्हाला वजन नाही, शरीर नाही, पायात सळई नाही. निरोप लहान आहे, अर्ध्या मिनिटाचा. सहा वर्षं तो माझ्याकडे पडून आहे. या आणि घेऊन जा. आणि त्या पोरीने काही उत्तर दिलं, तर ते माझ्याकडे ठेवून जाऊ नका. थेट तिच्या आईला सांगा.