रीमच्या पायांची मेंदी

सालहानं रीमचं नाक ओढणीच्या टोकानं पुसलं आणि ते टोक मुठीत लपवलं. गाडी चालवता चालवता लजहरनं विचारलंच.

"थांबलं का?"

"थांबतंय."

थांबत नव्हतं. केबिलीचा जनावरांचा दवाखाना अजून अर्ध्या तासावर होता. सशामागे सुटली की गाडीलाही न सापडणारी ही शिकारी कुत्री सकाळी पाण्याच्या भांड्यापाशी मागच्या पायांतून खाली बसली होती. उन्हानं घोळणा फुटला असेल, असं लजहर, तिचा नवरा, म्हणाला. घोळणे सालहानं खूप पाहिले होते. ते असे तास-तास गळत नाहीत. रीमचं डोकं तिच्या मांडीवर जड होत चाललं होतं आणि तिला फार भीती वाटत होती.

जनावरांची डॉक्टर हायफा वयानं लहान दिसत होती. तिनं रीमचा ओठ वर उचलून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. हिरडी होती तशीच पांढरी राहिली. मग रीमला कुशीवर निजवून तिनं पोट पाहिलं. पातळ कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठले होते.

"काका, अंगावर गोचीड दिसली होती का?"

लजहरला ते लागलं. "डॉक्टरबाई, अख्ख्या दूझ गावात विचारा! आमची ही सलूगी जातीची शिकारी कुत्री घरात चटईवर झोपते. रोज कान बघतो मी तिचे. गोचिडी व्हायला ती काय मेंढपाळाची कुत्री आहे?"

कान खरंच स्वच्छ होते. मान, काखा, शेपटीखालची जागा, तिथंही काही नव्हतं. हायफाचा हात पायांकडे वळला तशी सालहा टेबलापासून मागे सरकली.

चारही पाय घोट्यापर्यंत मेंदीनं रंगलेले होते. तापल्या वाळूत तळवे चिरू नयेत म्हणून सालहा दर महिन्याला ती लावायची. हायफानं मागच्या पायाची बोटं फाकवली आणि दिवा जवळ ओढला. मेंदीच्या तांबूस रंगात रंग मिसळून मसुरीएवढी गोचीड बसली होती. तिच्यामागे आणखी दोन.

लजहरनं खिशातून लायटर काढला.

"जाळायची नाही, काका. जाळलं की ती पोटातलं सगळं कुत्र्याच्या अंगात ओकते." हायफानं चिमट्यानं कातडीलगत धरून तिला सरळ वर ओढलं. "हा गोचिडीचा ताप आहे. यात रक्त गोठत नाही. ताजा असेल तर गोळ्यांनी कुत्री दोन-तीन दिवसांत उठते. पण महिनोन्महिने अंगात मुरलेला असेल, तर हाडांपर्यंत पोचतो. मग गोळ्या फारशा चालत नाहीत. कधीपासून मलूल आहे ही?"

"उन्हाळ्यापासून पळायचं मन नव्हतं तिचं." लजहरचा आवाज चिरकला. "मला वाटलं, वय झालं."

हायफानं चिमटा खाली ठेवला. "मग मन घट्ट करा, काका. मी प्रयत्न करते."

लजहर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तीस वर्षांच्या संसारात सालहानं त्याला असा कधी पाहिला नव्हता.

भाचीच्या लग्नाचा दिवस तिला लख्ख आठवला. दारात बायका ढोल घेऊन खोळंबल्या होत्या आणि ती घाईघाईनं रीमला मेंदी लावत होती. बोटांच्या बेचक्यात हाताला काहीतरी खड्यासारखं लागलं. लजहरला सांगितलं असतं, तर त्यानं सगळ्यांसमोर तोंड सोडलं असतं, एक कुत्री सांभाळता येत नाही म्हणून. आताही तो ऐकत होता. आणि रीमचा श्वास घरघरत होता.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

"काय म्हणालात, मावशी?"

"अकरा दिवस झाले. मागच्या पायात खडे लागले होते माझ्या हाताला. मी बघितलं नाही. वरून मेंदी थापली." ती टेबलाजवळ आली. "पण त्याच्या आधीच्या महिन्यात एकही खडा नव्हता. त्याच्याही आधी नव्हता. प्रत्येक बेचक्यातून माझं बोट फिरतं, बाई. देवाशपथ."

"नक्की?"

"नक्की."

"मग ताप ताजा आहे. उन्हाळ्यातली मरगळ वयाचीच असेल. गोळ्या चालतील." हायफा एकदम उठली आणि कपाटातून सुई काढू लागली. पाठमोरीच ती भराभर सांगत होती: अठ्ठावीस दिवस गोळी, बरी दिसली तरी एकही चुकवायची नाही, भरल्या पोटी द्यायची, दुधातून मुळीच नाही. घरातल्या चटया उन्हात टाका, भिंतींच्या फटींत औषध मारा.

सालहाला नवऱ्याकडे बघण्याची छाती होत नव्हती. तो भिंतीपासून परत आला, टेबलाशी वाकला आणि त्यानं रीमचा पुढचा पाय उचलून सालहासमोर धरला.

"ह्यात आहेत का बघ."

"सालेमचे बाबा, मी..."

"भांडण घरी. माझ्या हाताला काही कळत नाही. तू बघ."

तिनं हात झग्याला पुसला आणि पहिल्या बेचक्यात बोट घातलं.