तातेरावांची खरी जन्मतारीख

"आजोबा, जन्मतारीख सांगा." हातातल्या पिशवीवरचं नाव ताडून बघत सिस्टर म्हणाली.

"खरी सांगू का शाळंतली?"

भावनाने कपाळावर हात मारला. मुंबईच्या दवाखान्यात येऊनही बापाची थट्टा काही सुटत नव्हती. "एक जून, सिस्टर. आमच्या घनसावंगीत निम्मं गाव एक जूनचं आहे. खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजीच ती लिहायचे."

तातेराव त्याच शाळेत तीस वर्षे शिपाई होते. रक्ताचा कॅन्सर केमो घेऊनही दोनदा उलटला, तेव्हा हा शेवटचा उपाय उरला. त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून, कॅन्सर ओळखून मारायला तयार करून आज परत अंगात सोडायच्या होत्या. त्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी तीन दिवस पुन्हा केमो झाली होती.

"म्हंजी पेरायच्या आधी वखरून घेतलं," तातेराव म्हणाले.

"बिलकुल बराबर," डॉक्टरही हसले.

अर्ध्या तासात पेशींची पिशवी संपली. मग मात्र ताप चढला आणि आठवडाभर थट्टा बंद पडली. गिरिजाबाई नवऱ्याच्या उशाशी बसून राहिल्या. त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

महिन्याने तपासणी झाली. "आजार कुठंच दिसत नाही. पुढं तपासत राहू, पण आज पेढे वाटा," डॉक्टर म्हणाले. भावना भर वॉर्डात हमसून रडली. सिस्टर म्हणाली, "पेशी दिल्या तो दिवस आम्ही नवा वाढदिवस धरतो, आजोबा. नऊ नोव्हेंबर!"

तातेरावांना आनंद मावेना. गावाकडे फोनवर फोन सुरू झाले. "जयभीम! मला खरी तारीख भेटली बरं का. वय? महिना सरला आत्ताच!"

गिरिजाबाई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होत्या. "तुमचं झालं बराबर. मी शाळंत गेल्तेच कवा? आधारवाल्यानं बी आपल्या मनानंच टाकली. मंग माझी कोणची?"

तातेरावांनी फोन खाली ठेवला. महिनाभरात वाळून काडी झालेल्या बायकोकडे ते बघत राहिले. डोळे भरून आले.

"नऊ नोव्हेंबरच की गं. तू काय येगळी जगून राह्यली व्हय माझ्यापून?"

पदर डोक्यावर सारखा करून गिरिजाबाई नीट बसल्या.

"भावना," त्या म्हणाल्या, "लिहून ठेव गं."